दोन्ही हिरे अर्धा कॅरेट, मग एक स्वस्त का? गोल हिऱ्याचा रिपोर्ट मोबाइलवर असा तपासा

पुढच्या महिन्यात माझा साखरपुडा आहे. अंगठी बघायला मी आणि आई इंदिरानगरहून निघालो आणि नाशिकमधल्याच एका दुकानात गेलो. सेल्समनने दोन अंगठ्या समोर ठेवल्या. दोन्हीत गोल हिरा, दोन्ही ०.५० कॅरेट, रंग जी, क्लॅरिटी व्हीएस१ आणि दोन्हींना जीआयएचा रिपोर्ट. किमतीत मात्र अकरा हजारांचा फरक.

"सर, दोन्ही सेमच आहेत. ही ऑफरमध्ये आहे म्हणून स्वस्त," तो म्हणाला. आई म्हणाली, "अरे, सर्टिफिकेट आहे ना? मग झालं की!"

मी सॉफ्टवेअरवाला. दोन फाइल्स वरून सारख्या दिसल्या तरी उघडून बघायची सवय. मोबाइलवर दोन्ही रिपोर्ट उघडले आणि पाच मिनिटांत उत्तर मिळालं. तुम्हालाही हे सहज जमेल.

रिपोर्ट काय सांगतो, काय नाही

रिपोर्ट म्हणजे हिऱ्याची किंमत नाही आणि गॅरंटीही नाही. लॅबमधल्या तज्ज्ञांनी हिरा तपासून, मोजून दिलेलं ते मत असतं. म्हणूनच एकच हिरा दोन लॅबमध्ये दिला तर रंग किंवा क्लॅरिटी एखादी पायरी वर-खाली येऊ शकते. तुलना करताना दोन्ही रिपोर्ट एकाच लॅबचे घ्या, हा पहिला नियम.

रिपोर्टवर चार मुख्य गोष्टी असतात:

- कॅरेट: हे वजन आहे, आकार नाही. १ कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम. दुकानात 'पन्नास सेंट' म्हणाले तर समजा अर्धा कॅरेट.
- रंग: डी म्हणजे पूर्ण रंगहीन. तिथून झेडपर्यंत पिवळसर झाक वाढत जाते.
- क्लॅरिटी: आतले-बाहेरचे बारीक दोष. व्हीएस१ मधले दोष नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत.
- कट: पैलू किती नेमक्या प्रमाणात पाडलेत ते. चमक मुख्यतः यावरच ठरते.

सेल्समनने पहिल्या तीन गोष्टी सांगितल्या. चौथी सांगितलीच नाही.

खरी गंमत कटमध्ये

गोल हिऱ्याचा एक फायदा आहे. २००६ पासून जीआयए त्याच्या रिपोर्टवर कटची ग्रेड देते. पायऱ्या पाच: एक्सलंट, व्हेरी गुड, गुड, फेअर, पुअर. महाग हिऱ्याचा कट होता एक्सलंट आणि स्वस्त हिऱ्याचा गुड. 'गुड' ऐकायला छान वाटतं, पण पाचांत तो तिसरा आहे!

आता मापं बघा. रिपोर्टवर ती मिलिमीटरमध्ये असतात:

- महाग हिरा: ५.१०–५.१३ × ३.१५, खोली ६१.६ टक्के
- स्वस्त हिरा: ४.९५–४.९९ × ३.२८, खोली ६६.० टक्के

पहिले दोन आकडे म्हणजे सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त व्यास, शेवटचा म्हणजे उंची. उंचीला सरासरी व्यासाने भागलं की खोलीचा टक्का मिळतो. स्वस्त हिरा जास्त खोल आहे, म्हणजे त्याचं वजन खालच्या बाजूला लपलंय. वरून बघताना त्याचं क्षेत्रफळ साधारण ५-६ टक्क्यांनी कमी दिसतं. पैसे अर्ध्या कॅरेटचे, दिसणार त्याहून लहान.

शिवाय खालचे पैलू योग्य कोनात नसतील, तर वरून आत गेलेला प्रकाश परत डोळ्यांकडे न येता खालून-बाजूने निसटतो. हिरा मधोमध काळपट किंवा निस्तेज वाटतो. गोल हिऱ्यासाठी साधारण हे आकडे लक्षात ठेवा: टेबल ५४ ते ५८ टक्के, खोली ५९ ते ६२.५ टक्के, वरच्या भागाचा कोन ३४ ते ३५ अंश, खालच्या भागाचा ४०.६ ते ४१ अंश. टेबल म्हणजे हिऱ्याचा सगळ्यात वरचा सपाट पैलू.

चमकीसाठी वजन सोडावं लागतं, याचं मोठं उदाहरण आपल्याच शहराच्या नावाचं आहे. त्र्यंबकेश्वरच्या मंदिरातला 'नासक' हिरा १८१८ मध्ये पेशवाईच्या पाडावानंतर ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. भारतात त्याचं वजन सुमारे ९० कॅरेट होतं. पुढे त्याला पुन्हा पैलू पाडले गेले आणि १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टन यांनी तो परत कापला. उरला ४३.३८ कॅरेट. तो गोल नाही, चौकोनी एमराल्ड कटचा आहे, पण धडा तोच: निम्म्याहून जास्त वजन गेलं ते कटसाठी.

दुकानात मोबाइल काढा आणि हे करा

१. क्यूआर कोडवर विसंबू नका. तो बनावट साइटवर नेऊ शकतो. लॅबच्या वेबसाइटचा पत्ता स्वतः टाइप करा आणि तिथे रिपोर्ट नंबर घाला.

२. हिऱ्यावरचा नंबर बघा. बऱ्याच प्रमाणित हिऱ्यांच्या गर्डलवर, म्हणजे कडेच्या पट्ट्यावर, लेझरने रिपोर्ट नंबर कोरलेला असतो. दहापट मोठं दाखवणारं भिंग मागा आणि नंबर स्वतः वाचा. दुकानदार यासाठी नाही म्हणत असेल, तर तिथून निघा.

३. मापंही जुळवा. कोरलेला नंबर खोटा असू शकतो. असे बनावट नंबर कोरलेले लॅबमधले हिरे आणि मॉइसनाइट खडे आपल्याकडे तपासायला आल्याचं जीआयएने २०२१ मध्ये सांगितलं होतं. नंबर कोरणं सोपं, पण तिन्ही मापं जुळणारा खडा शोधणं अवघड. गेज लावून मोजायला सांगा.

४. दिव्यांपासून लांब या. दुकानातल्या स्पॉटलाइटखाली सगळेच हिरे लखलखतात. दाराशी, साध्या उजेडात दोन्ही शेजारी धरा आणि व्हिडिओ काढा.

५. कार्डवर रेंज असेल तर सावध. काही अंगठ्यांसोबतच्या छोट्या कार्डवर 'ई-एफ, व्हीव्हीएस-व्हीएस' असं लिहिलेलं असतं. हिरा अंगठीत बसवल्यानंतर जितका दिसला, त्यावरून दिलेला तो अंदाज असतो. सुट्ट्या हिऱ्याच्या रिपोर्टशी त्याची बरोबरी करू नका.

लॅब-ग्रोन आणि हॉलमार्क

लॅबमध्ये तयार केलेला हिराही खरा कार्बनचाच हिरा असतो. टेस्टर पेनने दोघांतला फरक कळत नाही, म्हणून रिपोर्टवर 'नॅचरल' की 'लॅबोरेटरी-ग्रोन' हे आधी वाचा. जीआयएने १ ऑक्टोबर २०२५ पासून लॅब-ग्रोनला रंग-क्लॅरिटीच्या नेहमीच्या ग्रेड देणं बंद केलंय. आता फक्त 'प्रीमियम' किंवा 'स्टँडर्ड'. लॅब-ग्रोन घेण्यात काहीच वाईट नाही, पण नैसर्गिक हिऱ्याचे पैसे देऊन तो घेऊ नका.

अंगठीवरचा हॉलमार्क फक्त सोन्याबद्दल असतो, हिऱ्याबद्दल नाही. त्यातला सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी 'बीआयएस केअर' अ‍ॅपमध्ये टाकून तपासा. आणि १८ कॅरेट सोन्यातला कॅरेट वेगळा: तो शुद्धता सांगतो, हिऱ्यातला वजन.

शेवटी आम्ही काय घेतलं?

दोन्ही नाही. दुसऱ्या दुकानात ०.४६ कॅरेटचा हिरा मिळाला. रंग जी, व्हीएस१, कट एक्सलंट, मापं ४.९६–४.९९ × ३.०६. व्यास बघा, त्या अर्ध्या कॅरेटवाल्या 'ऑफर' इतकाच! वजन कमी, दिसायला तेवढाच आणि चमक जास्त. ०.५०, १.०० अशा गोल आकड्यांवर कॅरेटमागचा भाव उडी मारतो, त्यामुळे जरा खाली थांबलो की पैसेही वाचतात.

आईने दाराशी उजेडात अंगठी फिरवून बघितली आणि म्हणाली, "हां, ही बोलतेय." पण तिनेही आता आपणहून भिंग मागितलं, नंबर वाचला आणि मगच मला पेमेंट करू दिलं. तुम्हीही क्रम तोच ठेवा: आधी रिपोर्ट आणि नंबर, मग डोळे, शेवटी यूपीआय.