एका हाताने उचललेले नऊशे टन

सुरतच्या भेस्तानात सकाळ झाली की शटरांचा खडखडाट सुरू होतो. उधना आणि सचीनच्या मधला हा पट्टा कापडाच्या धंद्याचा. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून येऊन इथे स्थिरावलेली कुटुंबंही पुष्कळ. दुकानदार वाकतो, कडीला हात घालतो, एक हिसका देतो आणि शटर वर जातं. आपण नेमकं किती वजन उचललं, हा विचार शटर अडेपर्यंत कोणी करत नाही.

दहा फूट रुंद, आठ फूट उंच शटर घ्या. पत्रा 1.2 मिलिमीटर जाडीचा. पट्ट्या एकमेकींत अडकवायला कडा वळवलेल्या असतात, त्यामुळे चौरस मीटरला सुमारे 12 किलो भरतात. एकूण वजन होतं 90 किलोंच्या आसपास. हाताला मात्र त्यातले दहा-बाराच जाणवतात. बाकीचं वजन वरच्या पाइपातल्या तीन स्प्रिंगा पेलतात. शटर खाली येताना त्या आवळल्या जातात आणि वर जाताना तीच ताकद परत देतात. शटर जसजसं गुंडाळलं जातं तसतसं लटकणारं वजन कमी होतं आणि स्प्रिंगही त्याच चालीने सैल होते. ही जुळणी मला फार सुंदर वाटते.

अमेरिकेत गॅरेजच्या दारांची साधी स्प्रिंग सहसा उघड-बंदीच्या 10,000 फेऱ्यांच्या हिशेबाने बनते. तोच आकडा इथे लावून पाहा. 90 किलो गुणिले 10,000 म्हणजे 900 टन, तेही सरासरी चार फूट उंच उचललेले. आयफेल टॉवरच्या लोखंडाचं वजन सुमारे 7,300 टन आहे. गल्लीतली आठ शटरं आपल्या आयुष्यात जवळजवळ तेवढं वजन उचलून जातात.

दिवसाला दोन फेऱ्या करणाऱ्या किराणा दुकानाला या 10,000 फेऱ्या साडेतेरा वर्षं पुरतात. टेम्पो येतील-जातील तसं वीस वेळा उघडणाऱ्या गोदामाला त्या 500 दिवसांतच संपतात. दीड वर्षात स्प्रिंग गेली म्हणून कारागिराला बोल लावण्याआधी हा गुणाकार जरूर करावा.

दोष कुठे आहे हे शोधायला शटर कमरेइतकं उचलून हात जरा सैल सोडून पाहावा. पाय मात्र खालच्या पट्टीच्या बाहेर हवेत. शटर खाली घसरलं तर स्प्रिंग ढिली झाली आहे किंवा तीनातली एक तुटली आहे, आणि तिच्या वाट्याचे तीसेक किलो हातावर आले आहेत. आपोआप वर धावलं तर स्प्रिंग जास्त आवळली आहे. जागच्या जागी थांबतं पण सरकताना अडतं, तर दोष दोन्ही बाजूंच्या चॅनेलमध्ये, म्हणजे पट्ट्या ज्यात सरकतात त्या खाचेत, किंवा पट्ट्यांत शोधावा. टोकाची क्लिप गळली की पट्टी आडवी सरकून चॅनेलला घासते. सांध्यात धरलेला गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा खातो, आणि अशा शटरात सांधे असतात तीसेक. सकाळी नीट चालणारं शटर दुपारी अडत असेल तर उन्हाकडेही पाहावं. तापमान 45 अंशांनी वाढलं की तीन मीटरची पट्टी दीड मिलिमीटरहून जास्त लांबते. चॅनेल स्वच्छ असेल तर एवढ्याने काही होत नाही. धूळ आणि कापडाचे तंतू तेलात बसून चिकटले असतील तर तेवढंच पुरतं. म्हणून आधी चॅनेल खरवडून साफ करायचं, तेल त्यानंतर आणि तेही थोडंच.

एवढं घरच्या घरी करता येतं. पाइपाचे बोल्ट मात्र कोणी स्वतः सोडू नयेत. बंद शटरच्या स्प्रिंगांत हजार ज्यूलहून अधिक ऊर्जा कोंडलेली असते, म्हणजे पाच किलोंचा घण सातव्या मजल्यावरून पडावा तेवढी. जाणता कारागीर आधी शटर पूर्ण वर गुंडाळतो, खाली भक्कम टेकू देतो आणि मगच पान्याला हात लावतो.