वायफायचा पासवर्ड बदलला, पण राऊटरचा?

जळगावात रूम घ्या नाहीतर धुळ्यात देवपूरला, पहिला प्रश्न ठरलेला : 'वायफायचा पासवर्ड काय?' शेजारची पोरं फुकट नेट वापरायला लागली की आपण तो बदलतोही. पण राऊटरला पासवर्ड दोन असतात, हे माहितीये? एक वायफायचा, दुसरा राऊटरच्या सेटिंगमध्ये शिरायचा. हा दुसरा कंपनीनं दिलेला असतो, बऱ्याचदा 'ॲडमिन-ॲडमिन'. नेट जोडून देणारा दादा निघून जातो, नेट चालतंय म्हणून आपणही विसरतो.

गंमत अशी, की हे पासवर्ड गुपित नसतातच. कोणत्या मॉडेलला कोणता, याच्या याद्या इंटरनेटवर सहज मिळतात. २०१६ मध्ये 'मिराई' नावाचा मालवेअर असे साठेक ठरलेले पासवर्ड घेऊन जगभरच्या कॅमेऱ्यांची, राऊटरची दारं ठोठावत फिरला. लाखो उपकरणं त्याच्या ताब्यात गेली. २१ ऑक्टोबरला अशाच उपकरणांच्या माऱ्यानं ट्विटर, नेटफ्लिक्स काही तास अडखळले. मिराई लिहिणारे तिघंही विशीच्या आसपासचे, त्यातला एक तर कॉलेजात शिकणारा!

लांबची गोष्ट वाटते? मग शेजारच्या गुजरातची ऐका. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातले सीसीटीव्ही व्हिडिओ टेलिग्रामवर विकले जात असल्याचं उघड झालं. तपासणीला आलेल्या महिलांचे व्हिडिओ. पकडलेल्यांत लातूर आणि सांगलीकडचे तरुणही होते. कॅमेऱ्यांचा पासवर्ड 'ॲडमिन१२३' होता, असं पुढे बातम्यांत आलं. त्या महिलांची काय चूक? पासवर्ड बदलायचं काम दुसऱ्याच कुणाचं तरी होतं.

तुमच्या घरी, चोपड्याच्या दुकानात किंवा शिरपूरच्या काकांच्या दवाखान्यात ते 'कुणीतरी' म्हणजे तुम्हीच. कारण 'याला कॉम्प्युटरमधलं कळतं' हे तुमच्याबद्दलच बोललं जातं ना! मग या सुट्टीत दहा मिनिटं काढा. राऊटरमागच्या स्टिकरवरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाका, बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ असतो. ॲडमिनचा पासवर्ड बदला. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरचाही बदला. बाहेरून लॉगिन करायची सोय लागत नसेल तर बंद करा, अपडेट आलं असेल तर घ्या. नुसतं बंद करून चालू केल्यानं भागत नाही. मिराई तेवढ्यानं निघून जायचा, पण जुना पासवर्ड तसाच असेल तर थोड्याच वेळात परत यायचा.

नवा पासवर्ड मोठा ठेवा, वहीत लिहून ठेवला तरी चालेल. फक्त त्यात जन्मतारीख नको. ती तर तुमच्या इन्स्टावरच आहे!