शिलाँग : गिटारवर जगू पाहणारं गाव

बँड म्हटलं की आपल्याकडे अजूनही लाल कोट, पितळी वाद्यं आणि लग्नाची वरात आठवते. मेघालयच्या राजधानीत मात्र या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. शिलाँगमध्ये बँड म्हणजे एक-दोन गिटार, ड्रम्सचा संच, जमलं तर एखादा की-बोर्ड आणि गळ्यात सूर असलेली चार-पाच पोरंपोरी. आपल्याकडे जशी अनेक घरांत पेटी-तबल्याची जोडी असते, तशी तिथे कोपऱ्यात गिटार उभी असते. थोरल्या भावाकडून धाकटा शिकतो, मामाकडून भाची शिकते आणि शाळा संपेपर्यंत स्वतःचा बँड उभा राहतो.

समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंचीवरच्या, पाइनच्या झाडांनी वेढलेल्या या गावाला ‘भारताची रॉक राजधानी’ असं बिरुद कधीच चिकटलं आहे. बिरुद कौतुकाचं आहे, पण त्यानं घर चालत नाही. इतकी मुलं इतकं चांगलं गातात-वाजवतात, त्यांनी याच कलेवर जगायचं कसं, हा शिलाँगचा खरा प्रश्न आहे. गेल्या काही वर्षांत तिथे त्याचं उत्तर शोधण्याचे प्रयत्न होत आहेत, म्हणून ही कहाणी जाणून घेण्यासारखी आहे.

सुरांची बाराखडी

खासी लोकांचं स्वतःचं संगीत जुनं आहे. दुईतारा हे त्यांचं तारवाद्य, सोबतीला नाना तऱ्हेचे ढोल आणि आपल्या सनईच्या नात्यातली तांगमुरी. १८४१ साली टॉमस जोन्स हा वेल्श मिशनरी चेरापुंजीला, म्हणजे आजच्या सोहराला आला. त्यानं खासी भाषेला रोमन लिपी दिली. त्याच्या मागून आलेल्यांनी चर्चमधलं समूहगान रुजवलं. वेल्स हा गाणाऱ्यांचाच देश. तिथल्या पद्धतीत सगळे एकाच सुरात गात नाहीत. बायकांचे दोन आणि पुरुषांचे दोन असे चार वेगवेगळे स्वर एकाच वेळी चालतात आणि तरी एकमेकांत मिसळतात.

दर रविवारी हे ऐकत वाढलेल्या मुलाला दुसऱ्याच्या सुराला आपला सूर जोडणं वेगळं शिकवावं लागत नाही. त्यात शिलाँग ही ब्रिटिशांच्या काळापासून आसामची राजधानी होती. इंग्रजी शाळा आल्या, त्यांच्याबरोबर पियानो आला, पुढे रेडिओवरून पाश्चात्त्य गाणी घरात शिरली. गिटार आली तेव्हा तिच्यासाठी जमीन तयारच होती.

एका वाढदिवसाची परंपरा

२१ जानेवारी १९७२ रोजी मेघालय हे स्वतंत्र राज्य झालं. त्याच वर्षी मे महिन्यात शिलाँगच्या एका गायकानं वेगळीच प्रथा सुरू केली. लू माजॉ हे त्यांचं नाव. कोलकात्याच्या हॉटेलांत आणि बँडमध्ये गाऊन-वाजवून ते तयार झाले होते. अमेरिकन गीतकार-गायक बॉब डिलन यांच्या गाण्यांनी त्यांना झपाटलं होतं. २४ मे हा डिलन यांचा जन्मदिवस. त्या दिवशी माजॉ यांनी त्यांची गाणी म्हटली आणि पुढे दर वर्षी म्हणत राहिले. पांढरे लांब केस, अर्धी चड्डी आणि हातात गिटार ही त्यांची मूर्ती ईशान्य भारतात सर्वांच्या ओळखीची झाली. २०१६ साली डिलन यांना साहित्याचं नोबेल मिळालं, तेव्हा ही परंपरा चव्वेचाळीस वर्षांची झाली होती.

यात केवळ एका परदेशी कलाकाराचं वेड नव्हतं. वर्षातून एक दिवस ठरलेला आहे, त्या दिवशी गाणं होणारच, ही खात्री त्यातून गावाला मिळाली. नव्या मुलांना मंच मिळाला आणि ऐकणाऱ्यांना सवय लागली.

शिलाँगहून मेम्फिसला

या मातीतून निघालेली दोन नावं देशभर पोहोचली. पहिलं ‘सोलमेट’. गिटारवादक रूडी वालांग आणि गायिका टिप्रिती खारबांगर यांनी २००३ साली हा बँड उभारला. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या दुःखातून जन्मलेलं ‘ब्लूज’ संगीत त्यांनी आपलंसं केलं. २००७ साली ते अमेरिकेत मेम्फिस इथल्या आंतरराष्ट्रीय ब्लूज स्पर्धेत सहभागी झाले. २०११ साली मुंबईत वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत ब्लूज महोत्सव भरला, तेव्हा बडी गाय यांच्यासारख्या दिग्गजाच्या पंगतीत शिलाँगचे हे दोघेही होते.

दुसरं नाव ‘शिलाँग चेंबर कॉयर’. नील नॉन्गकिनरिह हे लंडनमध्ये पियानोचं शिक्षण घेतलेले कलाकार. परदेशातली कारकीर्द सोडून ते गावी परतले आणि २००१ साली त्यांनी तरुण मुलामुलींचा हा गायनवृंद सुरू केला. २०१० साली ‘इंडियाज गॉट टॅलेंट’ ही दूरचित्रवाणीवरची स्पर्धा जिंकून तो घराघरांत पोहोचला. जुनी हिंदी चित्रपटगीतं चार स्वरांत बांधून गाण्याची त्यांची रीत लोकांना फार आवडली. नॉन्गकिनरिह यांना २०१५ साली पद्मश्री मिळाली. जानेवारी २०२२मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं.

आपल्या भाषेत गायचं तर...

ही झाली यशाची बाजू. पण इंग्रजी गाणी हुबेहूब म्हणणाऱ्या बँडला हॉटेलात काम मिळतं आणि स्वतःचं गाणं घेऊन येणाऱ्याला थांबावं लागतं, हा अनुभव देशातल्या बहुतेक शहरांतल्या बँडना येतो. खासी भाषेत गाणाऱ्याची वाट आणखी अरुंद आहे. २०११च्या जनगणनेनुसार मराठी बोलणारे सव्वाआठ कोटींच्या वर होते, खासी बोलणारे सुमारे चौदा लाख. एवढ्या छोट्या भाषेत नुसती ध्वनिमुद्रणं विकून कलाकार जगेल, ही आशा फोलच.

तरीही ‘समरसॉल्ट’सारख्या बँडनं दुईतारा आणि गिटार शेजारी शेजारी ठेवून खासी गाणी लोकप्रिय केली. २०१६ साली आलेल्या ‘रॉक ऑन २’ या हिंदी चित्रपटात उषा उथुप यांच्यासोबत या बँडच्या कलाकारांचं खासी गाणं ऐकायला मिळालं. छोट्या भाषेच्या गाण्याला असा योग क्वचित येतो. एरवी त्याचा आधार एकच, तो म्हणजे समोर बसलेला श्रोता.

मोठे मांडव, छोट्या बैठका

शिलाँगला मोठ्या कार्यक्रमांची वाण नाही. २००७ साली जर्मनीचा ‘स्कॉर्पियन्स’ हा जगप्रसिद्ध बँड तिथे येऊन गेला. पुण्यात २०१० साली सुरू झालेला ‘एनएच-७ वीकेंडर’ हा संगीतमेळा २०१५ साली मेघालयात पोहोचला. डिसेंबर २०२४मध्ये ब्रायन ॲडम्स यांनी शिलाँगमध्ये गायन केलं. अशा दिवशी हॉटेलं भरतात, टॅक्सीवाल्यांना उसंत मिळत नाही, चहाच्या टपरीचाही गल्ला वाढतो. सरकारला त्यात पर्यटन दिसतं आणि ते खरंही आहे.

पण असा मांडव वर्षातून चार-दोन वेळा पडतो. सवाई गंधर्व महोत्सवात गायक नावारूपाला येतो, पण तयार होतो तो रोजच्या रियाजात आणि पन्नास-शंभर माणसांच्या बैठकीत. बँडचंही तसंच आहे. तिथली मुलं ज्याला ‘गिग’ म्हणतात तो कार्यक्रम म्हणजे अशीच बैठक. कोणतं गाणं पकड घेतं, कुठे ते लांबतं, बिघडलेला माइक सांभाळून कसं न्यायचं, हे सगळं तिथेच कळतं.

मेघालय सरकारनं हेच ओळखून ‘ग्रासरूट्स म्युझिक प्रोजेक्ट’ हाती घेतला. स्थानिक कलाकारांनी सार्वजनिक जागी नियमित गायचं-वाजवायचं आणि त्याचं मानधन सरकारनं द्यायचं, अशी ही योजना. ऐकणाऱ्याला तिकीट नाही. बाजारात आलेली गृहिणी, शाळेतून परतणारी मुलं, फिरायला आलेले पाहुणे, सगळेच श्रोते. गिटार खांद्याला लावून फिरणाऱ्या मुलाला घरचे ‘पुढे काय?’ असं विचारतात, तेव्हा महिन्याकाठी हातात पडणारी छोटी रक्कमही मोठा आधार ठरते. अर्थात सरकारी मदतीला अंदाजपत्रकाच्या मर्यादा असतात. उद्या ती आटली तर काय, याचं उत्तर शेवटी श्रोत्यांनीच द्यायचं आहे.

जायचं झालं तर...

सुट्टीत ईशान्येकडे जाणाऱ्या मराठी कुटुंबांनी धबधबे आणि गुहा पाहाव्यातच, पण एक संध्याकाळ गाण्यासाठी राखून ठेवावी. डिलन यांच्या वाढदिवसाचा कार्यक्रम मे महिन्याच्या अखेरीस असतो. नोव्हेंबरात गुलाबी चेरीच्या बहराबरोबर ‘चेरी ब्लॉसम’ महोत्सव भरतो. तारखा आणि जागा दर वर्षी बदलतात, म्हणून मेघालय पर्यटन खात्याकडे आधी चौकशी करावी. शिलाँगला रेल्वे नाही. गुवाहाटीहून सुमारे शंभर किलोमीटरचा घाटरस्ता आहे. तिथे अंधार लवकर पडतो आणि रविवारी बरीच दुकानं बंद असतात. स्वेटर विसरू नये.

आणि एखाद्या छोट्या कॅफेत कोणी अनोळखी मुलगी खासीत गात असेल, तर ओळखीच्या हिंदी गाण्याची फर्माईश करण्याआधी तिचं स्वतःचं गाणं पुरतं ऐकावं. शब्द कळणार नाहीत, सूर कळतील. आवडलं तर टाळी द्यावी, आणि तिकीट असेल तर तेही विकत घ्यावं, पास मागू नये.