उभ्या गाडीची बॅटरी

बॉनेट उघडून एमजीबी या जुन्या इंग्लिश स्पोर्ट्‌स कारची बॅटरी शोधायला गेलं तर सापडत नाही. ती सीटच्या मागे, कार्पेटखाली, फ्लोअरच्या पत्र्यात बसवलेली असते. आणि १९७४ पर्यंतच्या गाड्यांमध्ये ती एक नसते, दोन असतात. सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, प्रॉपेलर शाफ्टच्या डाव्या-उजव्या बाजूला एकेक, मागच्या अ‍ॅक्सलच्या थोड्या पुढे. एका केबलने त्या सिरीजमध्ये जोडल्या की बारा व्होल्ट मिळतात. आधीच्या एमजीएमध्येही हीच मांडणी होती. वजन दोन्ही बाजूंना सारखं आणि मागच्या चाकांजवळ, त्यामुळे हलक्या स्पोर्ट्‌स कारचा तोल चांगला राहतो. वळणावर त्याचा फायदा कळतो. तोटा कळतो तो बॅटरी बदलायची वेळ आल्यावर.

इंग्लंडात ऑक्सफर्डजवळ अ‍ॅबिंग्डनला १९६२ पासून ऑक्टोबर १९८० पर्यंत पाच लाखांहून जास्त एमजीबी तयार झाल्या. त्यांतल्या बऱ्याचशा अमेरिकेला गेल्या. पुष्कळ गाड्या अजून चालू आहेत, आणि त्यांच्या मालकांपुढे दर काही वर्षांनी तोच प्रश्न येतो: आता कुठली बॅटरी घालायची? साठ वर्षांत याचं उत्तर अनेकदा बदललं. बॅटरीचं तंत्र पुढे गेलं हे त्याचं एक कारण. मला त्याहून मोठं वाटतं ते दुसरं. रोज धावणारी ही गाडी वर्षातले कित्येक महिने उभी राहू लागली.

आपल्या वाचकाला हिचं इंजिन अगदी परकं नाही. बीएमसीच्या, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या, बी-सिरीजचं हे इंजिन १४८९ सीसीच्या रूपात आपल्या अ‍ॅम्बॅसेडरमध्ये वर्षानुवर्षं होतं. एमजीबीत ते १७९८ सीसीचं झालं. गार सकाळी सेल्फ मारल्यावर येणारा तो जड, ओढल्यासारखा आवाज ज्यांनी अ‍ॅम्बॅसेडरमध्ये ऐकलाय, त्यांना एमजीबी ओळखीची वाटेल.

साठच्या दशकातली बॅटरी मात्र आजच्या माणसाला ओळखू यायची नाही. काळ्या एबोनाइटचा, म्हणजे कडक रबराचा डबा. वरचं तोंड डांबराने बंद केलेलं, आणि त्या डांबरातून डोकं काढणाऱ्या, एका सेलला दुसऱ्या सेलशी जोडणाऱ्या शिशाच्या उघड्या पट्ट्या. सहा व्होल्टच्या बॅटरीत तीन सेल, म्हणून तीन बुचं. ठरावीक दिवसांनी बुचं काढून पाणी बघायचं, प्लेट्स उघड्या पडल्या असतील तर डिस्टिल्ड वॉटर घालायचं. हायड्रोमीटरच्या नळीत अ‍ॅसिड ओढून गुरुत्व बघायचं, १.२८ च्या आसपास आलं की सेल भरलेला. एखादा सेल गेलाच तर डांबर तापवून, झाकण काढून तेवढाच सेल बदलता यायचा. शिशाच्या जाळीला ताठपणा यावा म्हणून तिच्यात अँटिमनी मिसळलेलं असे. त्यामुळे बॅटरी पार उतरली तरी चार्जिंगला लावल्यावर पुन्हा उभी राहायची. पण पाणी लवकर उडायचं, आणि नुसती पडून राहिली तरी आपोआप उतरायची.

उतरली तरी त्या काळी फारसं बिघडत नसे, कारण गाडी पडून राहतच नव्हती. हौसेने घेतलेली असली तरी घरातली ती एकुलती एक गाडी असायची. तिनेच कामावर जायचं, तिनेच सुट्टीला समुद्रावर. चार्जिंगला ल्यूकसचा सी-४० डायनामो, कमाल सुमारे २२ अँपिअर. सिग्नलला गाडी थांबली, इंजिनाची गती उतरली की डायनामोचं चार्जिंग बंद पडे आणि डॅशबोर्डवरचा तांबडा दिवा मिणमिणू लागे. हिवाळ्याच्या रात्री हेडलाइट, वायपर, हीटरचा पंखा असं सगळं चालू ठेवून गर्दीतून घरी यायचं म्हणजे बॅटरीच्या शिलकीवर चालवणं होतं. पण दुसऱ्या दिवशी मोकळ्या रस्त्यावर ती शिल्लक भरून निघायची.

दोन बॅटऱ्यांची अडचण मात्र पहिल्यापासून होती. सिरीजमधल्या बॅटऱ्या म्हणजे जोताची बैलजोडी. एक बसला की दुसरा कितीही दांडगा असला तरी नांगर पुढे जात नाही. कमजोर बॅटरी सेल्फच्या वेळी आधी रिकामी होते आणि चार्जिंगच्या वेळी आधी भरते. मग तिच्यातलं पाणी उकळत राहतं आणि तिची जोडीदारीण अर्धपोटी राहते. म्हणून पैसे वाचवायला एकच बॅटरी बदलणं हा शेवटी महागात पडणारा उद्योग. नवी बॅटरी जुनीच्या संगतीने वर्षभरात म्हातारी होते. दोन्ही एकाच वेळी, एकाच मेकच्या आणि जमल्यास एकाच महिन्यात बनलेल्या घ्याव्यात. याबाबतीत माझं मत कधी बदललं नाही.

शिवाय सांधे वाढतात. दोनाऐवजी चार टर्मिनल, मधली केबल, बॉडीला जोडलेली अर्थची पट्टी. गार इंजिन फिरवताना स्टार्टर शंभराहून जास्त अँपिअर ओढतो. एवढ्या करंटला वाटेत ओहमच्या शंभराव्या भागाइतका अडथळा आला तरी एक व्होल्ट तिथेच जिरतो. बॅटरी गेली म्हणून टाकून दिलेल्या कितीतरी जोड्यांचा दोष खरं म्हणजे टर्मिनलवरच्या बुरशीचा असणार. नवी बॅटरी आणण्याआधी मल्टिमीटर घेऊन, सेल्फ मारत असताना प्रत्येक सांध्यावर किती व्होल्ट पडतात ते मोजावं. पाच मिनिटांचं काम आहे.

१९६७ च्या शरदात मार्क टू मॉडेल आलं आणि दोन गोष्टी बदलल्या. डायनामोच्या जागी अल्टरनेटर आला. गाडी हळू चालत असतानाही आता चार्जिंग मिळू लागलं. आणि तोवर पॉझिटिव्ह अर्थ असलेली गाडी निगेटिव्ह अर्थची झाली. या दुसऱ्या बदलाने आधीच्या गाड्यांच्या मालकांना कामाला लावलं. नवे रेडिओ निगेटिव्ह अर्थचे, म्हणून कित्येकांनी जुन्या गाड्याही उलटवून घेतल्या. त्यासाठी डायनामोचं ध्रुवीकरण नव्याने करावं लागतं, आरपीएमच्या काट्यामागची जोडणी बदलावी लागते, आणि केबलची टोकंही. बॅटरीचा पॉझिटिव्ह खांब निगेटिव्हपेक्षा थोडा जाड असतो. अर्थ उलटवताना जुन्याच क्लॅम्प ठोकून बसवल्या तर एक खांब चिरडतो आणि दुसऱ्यावरची क्लॅम्प ढिली राहते. आजही जुनी एमजीबी घेताना ती कुठल्या अर्थची आहे हे सन बघून ठरवू नये, केबल कुठे जाते ते बघावं.

बॅटरीचा डबाही याच सुमारास एबोनाइटचा जाऊन पॉलिप्रॉपिलीनचा झाला. भिंती पातळ झाल्या, तेवढ्याच जागेत जास्त प्लेट्स मावू लागल्या. काळ्या रबरी बंपरच्या गाड्या १९७४ मध्ये आल्या, त्यांत कारखान्यानेच दोन बॅटऱ्यांचा नाद सोडून बारा व्होल्टची एकच बॅटरी दिली. सत्तरच्या दशकातच अँटिमनीची जागा कॅल्शियम घेऊ लागलं. पाणी जवळजवळ उडत नाही, पडून राहिल्यावर उतरण्याचं प्रमाण खूप कमी, बुचं उघडायची गरज नाही.

१९८० मध्ये अ‍ॅबिंग्डनचा कारखाना बंद झाला. त्याच वर्षी तिथून दहाएक किलोमीटरवर, ऑक्सफर्डच्या प्रयोगशाळेत जॉन गुडइनफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचा कॅथोड सिद्ध केला. आज आपल्या खिशातल्या फोनपर्यंत पोहोचलेली लिथियम बॅटरी त्यातून आली, आणि २०१९ मध्ये गुडइनफना नोबेल मिळालं. इकडे एक परंपरा संपत होती तेव्हा शेजारच्याच गावात पुढच्या काळाची बॅटरी आकार घेत होती, हे वाचलं तेव्हा मी चकित झालो होतो.

कारखाना बंद झाल्यावर काही वर्षं एमजीबी म्हणजे स्वस्तातली जुनी गाडी होती. मग वारं फिरलं. १९८८ मध्ये ब्रिटिश मोटर हेरिटेजने जुन्याच साच्यांवरून एमजीबीच्या नव्या बॉडी काढायला सुरुवात केली. गंजलेली गाडी भंगारात घालण्याऐवजी नवी बॉडी आणून तिच्यावर चढवण्याइतकी ती मोलाची झाली. मोलाची वस्तू माणूस जपतो. इंग्लंडात हिवाळ्यात बर्फ वितळावं म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात; त्या मिठात कोण आपली गाडी नेईल? नोव्हेंबरात कव्हर घालायचं, मार्चमध्ये काढायचं, अशी रीत पडली. गाडी वाचली आणि बॅटरी मरू लागली.

शिशाच्या बॅटरीला धावपळीपेक्षा रिकामं बसणं जास्त बाधतं. ती उतरते तेव्हा प्लेट्सवर लेड सल्फेट जमतं. लगेच चार्ज केली तर ते पुन्हा विरघळतं. आठवडेच्या आठवडे तशीच ठेवली तर त्याचे कडक स्फटिक होतात आणि तेवढी प्लेट कायमची निकामी होते. पूर्ण भरलेली, विसावलेली बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली, आणि धोका तिथूनच सुरू होतो. १२ व्होल्ट ऐकायला बरे वाटतात, पण तेव्हा बॅटरीत जेमतेम पाव भाग उरलेला असतो. अँटिमनीची जुनी बॅटरी यातूनही कधीमधी सावरायची. कॅल्शियमची एकदा पार उतरली की सहसा पहिल्यासारखी होत नाही. तिला भरायला व्होल्टेजही थोडं चढं लागतं, आणि ते जुना डायनामो कंट्रोल बॉक्समधून धडपणे देत नाही. थोडक्यात, जी बॅटरी रोज पळणाऱ्या नव्या गाडीत उत्तम, तीच सहा महिने उभ्या असलेल्या जुन्या गाडीत लवकर जाते, आणि लोक मेकला दोष देत बसतात.

माझी गाडी १९६६ ची, दोन बॅटऱ्यांची. मार्चमध्ये कार्पेट उचलून, स्क्रू सोडवून झाकण काढलं की सगळी कथा समोर असते. टर्मिनलवर पांढरट-हिरवी भुकटी, बॅटरीखालच्या पाळण्याच्या कोपऱ्यात चाकांनी उडवलेला ओला चिखल, आणि अ‍ॅसिडचा थेंब पडला तिथे रंगाचा पोपडा सुटून दिसणारा तांबूस पत्रा. कोमट पाणी आणि खाण्याच्या सोड्याने ते धुतलं की भुकटी फसफसून निघते. मग तारेच्या ब्रशने खांब चकचकीत करायचे, क्लॅम्प आवळायची, वरून व्हॅसलीन. चावी फिरवली की उजव्या बॅटरीशेजारचा एसयू पेट्रोल पंप टिकटिकतो. टिकटिक जोमदार असली तर पुढचं बहुधा सुरळीत. ती रेंगाळत आली तर सेल्फ मारायच्या भानगडीत न पडता मी चार्जर जोडतो.

या जागेचा विचार केला तर मला वाटतं, अलीकडच्या साठ वर्षांत एमजीबीच्या सर्वांत उपयोगी पडलेला शोध एजीएमचा. काचेच्या तंतूंच्या पातळ गादीत अ‍ॅसिड शोषून ठेवायची ही युक्ती सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या गेट्स कंपनीने पुढे आणली. अ‍ॅसिड सांडत नाही, वाफारा नाही, पाणी बघायला नको. फ्लोअरखाली दडलेल्या बॅटरीला आणखी काय हवं? ऑप्टिमाने अशी गुंडाळलेल्या प्लेट्सची बॅटरी सहा व्होल्टमध्येही काढली, आणि अमेरिकेतले बरेच मालक तिची जोडी बसवतात. दुसरे एका पाळण्यात बारा व्होल्टची छोटी बॅटरी बसवून दुसरा पाळणा हत्यारांना मोकळा ठेवतात. अमेरिकी मोजमापातला ग्रुप २६ तिथे बसतो. उंची मात्र मिलिमीटरमध्ये मोजावी. वर गाडीचा पत्रा आहे, आणि तो खांबाला टेकला तर केबल पेटते. सव्वा-दीड इंचाच्या हिशेबाने काम करू नये, आणि खांबांवर रबरी टोप्या घालाव्यातच. साडेतीनशे-चारशे सीसीए, म्हणजे गारठ्यात सेल्फला मिळणारे अँपिअर, या इंजिनाला पुरेसे होतात. त्याहून मोठ्या आकड्यासाठी पैसे घालण्याचं कारण दिसत नाही. दुकानातच मीटर लावावा. १२.५ च्या खाली असेल तर ती फळीवर बरेच महिने उभी होती, ती घेऊ नये.

बॅटरीइतकंच महत्त्व मी व्होल्टेज बघून आपोआप थांबणाऱ्या चार्जरला देतो. हिवाळाभर तो जोडून ठेवला की सल्फेट जमायला सवड मिळत नाही. दोन बॅटऱ्या असतील तर दोन टोकांच्या मोकळ्या खांबांना जोडून बारा व्होल्टवर लावायचा. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीतही लाल चिमटा पॉझिटिव्हलाच. ज्यांच्या गाडीजवळ प्लग नाही त्यांनी टर्मिनलवर बसणारा कट-ऑफ स्विच घ्यावा. मूळ एमजीबी उभी असताना जवळजवळ काही खात नाही, पण हौसेने नंतर बसवलेला अलार्म आणि रेडिओ रात्रंदिवस थोडं-थोडं पीत राहतात.

राहिला प्रश्न लिथियमचा. पोर्शेने २००९ मध्ये ९११ जीटी-३ साठी सहा किलोहूनही हलकी लिथियमची स्टार्टर बॅटरी देऊ केली, तेव्हा सोबत नेहमीची शिशाची बॅटरीही दिली, कारण शून्याखालच्या थंडीत लिथियम मंदावते. उभ्या गाडीला ती तशी मानवणारी आहे. सल्फेट नाही, आपोआप उतरणं अगदी कमी. अल्टरनेटर असलेल्या, रेग्युलेटर नीट असलेल्या एमजीबीत ती घालायला माझी हरकत नाही. डायनामोच्या गाडीत मी घालणार नाही. कंट्रोल बॉक्समधला रेग्युलेटर म्हणजे लोहचुंबकाने उघडझाप करणारे दोन संपर्कबिंदू. ते चिकटले की व्होल्टेज पंधराच्या वर जातं. शिशाची बॅटरी ते काही काळ सोसते, पाणी उडवते, वास सुटतो, आपल्याला कळतं. लिथियमचं संरक्षक सर्किट अशा वेळी बॅटरीच सर्किटमधून तोडतं, आणि बॅटरीविना सुटलेल्या डायनामोचं सगळं व्होल्टेज रात्रीच्या रस्त्यावर हेडलाइटच्या दिव्यांवर जातं. माझ्या गाडीत सध्या सहा व्होल्टच्या, बुचं उघडणाऱ्या दोन बॅटऱ्या आहेत, एकाच दिवशी घेतलेल्या, आणि पुढची जोडीही तशीच येईल.