आजीची वेल की नुसता खुंट?

परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या ‘परभणी क्रांती’ भेंडीची कुळी लेखी आहे. ‘पुसा सावनी’चा रानभेंडीशी संकर झाला, पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या विषाणूला तोंड द्यायची ताकद त्या रानटी बाजूनं आली. सेलू-जिंतूरकडच्या एखाद्या वाड्यावर चढलेल्या वेली गुलाबाची नोंद मात्र एवढीच असायची: आजीनं लावलेला.

पण आजीनं लावलेला तोच हा आहे का? गुलाब बहुतेक खुंटावर, म्हणजे दुसऱ्या गुलाबाच्या मुळावर, डोळा भरून तयार करतात. दोन कडक उन्हाळ्यांत वरचं कलम जळतं, बुडातून खुंटाचा फुटवा येतो, भिंत गाठतो आणि घर त्यालाच पाणी घालत राहतं.

ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. पानाच्या देठाच्या बुडाशी दोन्ही बाजूंना हिरवी पट्टी असते. तिची कड कंगव्याच्या दात्यांसारखी झिरमिळ्यांची दिसली आणि वर्षातून एकदाच लहान पांढऱ्या फुलांचे घोस लागले, तर तो बहुधा मल्टिफ्लोरा, म्हणजे खुंटच. गंमत अशी, की ‘एडवर्ड’ हाही भारतात खुंट म्हणून वापरला गेला. पण तो रीयुनियन बेटावरच्या बूर्बों घराण्यातला गुलाबी, सुवासिक गुलाब. तो निघाला तर खुंटच वारसा ठरतो!

वेल खरी असली तरी नाव लावायची घाई नको. कित्येक वेली गुलाब मुळात झुडपं होती. एका फांदीत अचानक बदल झाला आणि ती लांबत गेली. ‘ओल्ड ब्लश’ या चिनी गुलाबात फुलोरा रोखणाऱ्या जनुकात एक उडता तुकडा अडकल्यामुळे झुडूप बारमाही फुलतं. त्याच्याच वेली रूपात तो तुकडा बहुतांशी निखळला, जनुक पुन्हा कामाला लागलं. वेल वाढते, बहर मात्र वर्षातून एकदाच. म्हणून एका फोटोपेक्षा वर्षभराची बहरनोंद कामाची. डीएनए तपासणीही जुळवायला खात्रीचा नमुना असेल तरच नाव सांगते. शिवाय नुसती युरोपीय यादी चाळून भागत नाही: गव्हाचे संशोधक बी. पी. पाल यांनी ‘दिल्ली व्हाइट पर्ल’ नावाचा वेली गुलाब दिल्लीत घडवला. कोडाईकनालच्या वीरराघवन यांनी मणिपूरकडच्या रानवेली ‘रोझा जायगँटिया’पासून उष्ण हवामान सोसतील असे गुलाब पैदा केले, भेंडीचीच गोष्ट, वेगळ्या वाफ्यात.

नाव सापडेपर्यंत वेल टिकायला हवी. पावसाळ्यात दाब कलम सोपं: लवचीक फांदीला पेराखाली तिरकी खाच द्यायची, तो भाग मातीत दाबून वर वीट ठेवायची, शेंडा उघडा. काळ्या मातीत पाणी साचतं, तेव्हा तिथं वाळू नि शेणखत मिसळलेलं बरं. मुळ्या धरल्यावर फांदी तोडून रोप वेगळं करायचं. स्वतःच्या मुळावरचं, म्हणजे खुंटाची भानगडच नाही. एक रोप शेजारच्या गावात द्यावं, आणि आईवेलीची खरड छाटणी टाळावी. बदललेल्या फांद्या कधी कधी पुन्हा झुडपाच्या वळणावर जातात.