आधी डब्याला भोक, मग माती



या वेळी आरोग्याच्या पानावर दारातल्या भाजीबद्दल लिहिते आहे. सुरुवात माझ्याच चुकीपासून करते.

दोन वर्षांपूर्वी जुलै महिन्यात माझ्या भाच्याला ताप भरला. तिसऱ्या दिवशी डेंग्यू निघाला. पाच दिवस तो दवाखान्यात होता. वेळेवर नेला म्हणून वाचला. तो घरी आल्यावर आरोग्य कर्मचारी डासांच्या अळ्या शोधायला आमच्या गल्लीत आले. आजूबाजूची पिंपं बघितली, टायर उलटे केले, कुठे काही नाही. शेवटी बॅटरीचा उजेड पडला तो माझ्या कुंड्यांखालच्या ताटल्यांवर. त्या ताटल्यांत अळ्या वळवळत होत्या. मी नर्स. वीस वर्षं लोकांना 'पाणी साचू देऊ नका' असं सांगत फिरले, आणि माझ्याच दारात, माझ्याच हातांनी लावलेल्या मिरचीच्या रोपांखाली हे.

तेव्हापासून मी कुणाला 'दारात भाजी लावा' एवढंच सांगत नाही. आधी डब्याला भोक पाड, मग माती भर, असं सांगते.

मग भाजी लावायचीच कशाला?

आपल्या वस्तीतल्या बायांची नखं आणि डोळ्यांच्या आतल्या कडा बघा, म्हणजे कारण कळेल. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बाया रक्त कमी असलेल्या निघाल्या. जिना चढताना धाप लागणं, दुपारी डोळ्यांपुढे अंधारी येणं, हे 'कामाचा ताण' म्हणून आपण अंगावर काढतो. त्यात पावसाळा आला की पालेभाजीची जुडी महाग होते, छोटी होते आणि निम्मी सडकी निघते. मग ताटात आठ-आठ दिवस हिरवं पान येत नाही.

माझ्या आजीकडे जमिनीचा तुकडा नव्हता. पण झोपडीच्या कुडावर घोसाळ्याचा वेल आणि मोरीच्या कडेला अळू असायचंच. जागा तिच्याकडेही आपल्याइतकीच होती.

या भाजीची तयारी पावसात होत नाही, उन्हात होते. बुद्धजयंती झाल्यापासून वर्षावास सुरू होईपर्यंत साधारण दोन महिने मिळतात. त्यांत काय करायचं ते क्रमाने सांगते.

मे महिना : माती आणि डबे

गेल्या वर्षीच्या डब्यातली माती ओतून काढा. जुना फ्लेक्स किंवा प्लास्टिकचा कागद अंथरून त्यावर चार बोटं जाडीचा थर पसरा. पंधरा-वीस दिवस कडक ऊन लागू द्या. तीन-चार दिवसांनी हात फिरवून खालची माती वर आणा. हुमणीच्या अळ्या, बुरशी, मुळं खाणारे बारीक किडे या उन्हात बरेच मरतात. त्यासाठी औषध विकत घ्यावं लागत नाही.

मग दोन घमेली माती, एक घमेलं जुनं कुजलेलं शेणखत आणि एक घमेलं वाळू किंवा नारळाच्या शेंड्यांचा भुसा असं मिसळा. शेण ताजं नको. ते मुळं जाळतं आणि त्यात धनुर्वाताचे जंतू असू शकतात. हातापायाला जखम असेल तर शेणखतात हात घालू नका.

डबे कोणते चालतील? तेलाचे पाच लिटरचे कॅन पालेभाजीला, पंधरा लिटरचे पत्र्याचे डबे मिरची, वांगी, भेंडीला, आणि सिमेंटच्या प्लास्टिकच्या गोण्या वेलांना. गोणी आधी उलटी करून दोन-तीन पाण्यांत धुवा, सिमेंट राहिलं तर रोप पिवळं पडतं. रंगाचे डबे, कीटकनाशकाचे कॅन आणि बॅटरीची खोकी मात्र फुकट मिळाली तरी घेऊ नका. त्यांतलं विष मातीत, मातीतून पानात आणि पानातून लेकराच्या पोटात जातं.

आता भोकं. तळाला बोट जाईल एवढी चार-पाच भोकं पाडा. बाजूलाही तळापासून दोन बोटं वर एक पाडा, म्हणजे तळाची भोकं बुजली तरी पाणी निघून जाईल. भोकांवर मडक्याची खापरी ठेवा, माती वाहून जाणार नाही. डबा दोन विटांवर ठेवा. खाली ताटली अजिबात नको. पाणी जमिनीवर पडून सुकू द्या.

पत्रा कापताना हात कापला तर हळद लावून बसू नका. साबणाने धुवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन पाच वर्षं झाली असतील, किंवा कधी घेतलं ते आठवत नसेल, तर लगेच सरकारी दवाखाना गाठा.

ओल्या मातीने भरलेला पंधरा लिटरचा डबा वीस-पंचवीस किलो भरतो. पत्र्याच्या छपरावर असे डबे चढवू नका. खाली माणसं झोपतात.

शेवग्याची छाटणी

वस्तीत शेवगा असेल तर शेंगा संपल्यावर, पावसाआधी, तो छातीएवढ्या उंचीवर छाटा. शेवग्याचं लाकूड ठिसूळ असतं, पहिल्याच वादळात फांदी मोडून तारेवर किंवा छपरावर पडते. तार अगदी जवळ असेल तर स्वतः चढू नका, वीज कंपनीला कळवा. छाटल्यावर हाताला पोचेल असा कोवळा पाला फुटतो, आणि आपल्याला तोच हवा आहे. शेवग्याच्या पानांत लोह आहे, कॅल्शियम आहे, डोळ्यांना लागणारं अ जीवनसत्त्वही आहे.

छाटलेल्या फांद्यांतल्या मनगटाएवढ्या जाड, तीन-चार फुटी काड्या दोन दिवस सावलीत ठेवा आणि पाऊस सुरू झाला की एक-एक फूट खोल रोवा. भिंत आणि तारा सोडून रोवा. पावसाळ्यात शेवग्याच्या खोडावर केसाळ सुरवंटांचे पुंजके बसतात. त्यांना हात लावू नका, अंगभर खाज उठते. लांब काठीने साबणाच्या पाण्यात पाडा.

मृगाच्या आसपास : बी

मृग ७-८ जूनला लागतो. मुंबई-कोकणात पाऊस साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतो, विदर्भात त्यानंतर काही दिवसांनी. मिरची, वांगी, टोमॅटोचं बी मेच्या शेवटी पसरट डब्यात, सावलीत टाका. चार-पाच आठवड्यांनी रोपं हलवता येतात.

पहिला चांगला पाऊस झाला की माठ, राजगिरा, आंबाडी, चवळी, भेंडी, दोडकं, घोसाळं, कारलं आणि दुधी लावा. भेंडीचं बी रात्रभर भिजवा. वेलाला गोणीत दोन बिया पुरतात, कुडाला किंवा दोरीला चढवा. ओलसर कोपऱ्यात अळूचे कंद. माठ पंचवीस-तीस दिवसांत काढता येतो. मुळासकट उपटू नका, वरून खुडा म्हणजे पुन्हा फुटतो. मेथी आणि कोथिंबीर जोराच्या पावसात सडतात, त्यांचा हट्ट आत्ता धरू नका.

याच दिवसांत कडुनिंबाखाली निंबोळ्या पडतात. पोरांना गोळा करायला सांगा. गर धुऊन बी सावलीत वाळवा. मावा-तुडतुडे दिसले की पन्नास ग्रॅम निंबोळ्या कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्याने गाळा, चिमूटभर साबण घाला आणि संध्याकाळी फवारा. झुरळाचा किंवा डासांचा स्प्रे भाजीवर कधीच मारू नका.

पाणी

नळाला पाणी दिवसाआड येतं तिथे भाजीला कुठून घालणार, हा प्रश्न रास्त आहे. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेलं पाणी एका बादलीत साठवा, चार-पाच डब्यांना ते पुरतं. भांड्यांच्या साबणाचं पाणी पालेभाजीला नको. गटाराचं पाणी तर कशालाच नको. त्यातून जुलाब, कावीळ, टायफॉइड आणि जंतांची अंडी पानावर चढतात. मातीवर वाळलेला पाला किंवा उसाचं पाचट पसरलं की ओल टिकते.

डेंग्यूचा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि दिवसा चावतो. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळला तर त्याची साखळी तुटते. पण पाणी नुसतं ओतून भागत नाही. त्याची अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटून महिनोन् महिने कोरडी राहतात आणि पाणी मिळालं की फुटतात. बादली, पिंप आतून घासायचं, उन्हात उलटं ठेवायचं आणि पाणी भरल्यावर फडकं बांधून झाकायचं. रिकामा डबा सरळ ठेवायचा नाही.

घरात ताप आला तर पॅरासिटामॉलशिवाय दुखण्याची दुसरी गोळी देऊ नका आणि रक्त तपासून घ्या. ताप उतरला म्हणजे धोका टळला असं समजू नका. पोटात जोराची कळ, थांबत नाही अशी उलटी, हिरड्यांतून रक्त, गुंगी यांतलं काहीही दिसलं तर त्याच क्षणी दवाखाना.

काम करणाऱ्याचा जीव

मे महिन्यात मातीचं काम सकाळी आठच्या आत किंवा ऊन कलल्यावर करा. डोक्यावर ओलं फडकं, जवळ पाणी. लिटरभर पाण्यात चहाचे सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, सगळे चमचे सपाट, वर लिंबू. अंग तापलंय, माणूस बरळतोय किंवा शुद्ध हरपतेय, तर तो उष्माघात. सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि दवाखान्यात न्या. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका.

पाऊस सुरू झाला की विटांखाली विंचू, साप आसऱ्याला येतात. वीट आधी काठीने हलवा, मग हात घाला. साप चावला तर चिरा देणं, दोरी आवळणं, मांत्रिक यांत वेळ घालवू नका. हात-पाय न हलवता थेट सरकारी रुग्णालय.

चिखलात उंदरांच्या लघवीतून लेप्टो पसरतो. पायाला भेग किंवा जखम असेल तर गमबूट घाला, निदान पाय प्लास्टिकने झाका. पाण्यातून चालून आल्यावर आठ-पंधरा दिवसांत ताप आणि पोटऱ्या दुखायला लागल्या तर डॉक्टरांना चिखलाचं आवर्जून सांगा.

विहारामागची जागा

ज्यांच्या दारात डबाही मावत नाही त्यांच्यासाठी विहारामागचा पडीक तुकडा बघा. आधी तिथल्या जुन्या माणसांना विचारा. कचरा जाळायची किंवा बॅटऱ्या फोडायची जागा असेल तर त्या मातीत भाजी नको, गोण्यांतच लावा. प्रत्येक घराला एक ओळ, पाण्याच्या पाळ्या लिहून भिंतीवर, आणि एक ओळ कुणाच्याच मालकीची नाही. ती वस्तीतल्या गरोदर बायांसाठी आणि एकट्या म्हाताऱ्यांसाठी. भांडणं होतात, मी बघितली आहेत. पाळी लेखी असली की कमी होतात.

ताटात

पालेभाजीतलं लोह शरीर थोडंच उचलतं. वर लिंबू पिळा किंवा जेवणात पेरू, कच्चा कांदा-टोमॅटो घ्या, म्हणजे ते जास्त लागू पडतं. जेवणाच्या आधी-नंतर तासभर चहा नको. अळू चिंच किंवा आमसूल घालून नीट शिजवा, नाहीतर घसा खवखवतो. पानं तीन पाण्यांत धुवा, मग चिरा.

आणि एक गोष्ट नर्स म्हणून स्पष्ट सांगते. भाजी म्हणजे गोळी नव्हे. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली, गरोदर बाईचं ११ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे. सातच्या खाली गेलं तर जिवाला धोका आहे, तेव्हा माठाची भाजी खात घरी बसू नका. गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून रोज एक लोहाची गोळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. शौचाला काळं होतं म्हणून ती बंद करू नका, ते काळं होणारच. गोळी रक्त भरून काढते. भाजी पुढे ते टिकवायला मदत करते, आणि लेकरांच्या ताटात हिरवं पान ठेवते.

माझ्या दारात आज अकरा डबे आहेत. ताटली एकही नाही. रविवारी विहारातून वंदना करून आले की माझा भाचा बॅटरी घेऊन प्रत्येक डब्याखाली बघतो, पिंप उलटं करतो, फडकं बांधतो. दहा मिनिटं लागतात. या रविवारी तुम्हीही दहा मिनिटं काढा. एक डबा घ्या, खिळा घ्या, आणि सुरुवात भोकापासून करा.