जिना चढल्यामुळे गेलं नाही

दवाखान्याच्या फायलीवर ‘मिस्ड अबॉर्शन’ लिहिलेलं असतं. घरी कुणीतरी ते वाचतं आणि विचारतं, “अबॉर्शन का केलंस गं?” डॉक्टरांच्या लेखी त्याचा अर्थ एवढाच, की गर्भाचे ठोके थांबलेत, पण शरीराने तो अजून बाहेर टाकलेला नाही. तिने काहीच केलेलं नसतं. मराठीतही आपोआप झालेला आणि करवून घेतलेला, दोन्ही ‘गर्भपात’च.

मग चौकशी सुरू होते. पपई खाल्लीस? रिक्षात बसलीस? जिना किती वेळा चढलीस? लक्षात आलेल्या गर्भधारणांपैकी साधारण 10 ते 20 टक्के आपोआप संपतात, त्याही बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत. त्यातल्या जवळपास निम्म्या वेळा गर्भाच्या गुणसूत्रांचीच संख्या चुकलेली असते, आणि ती चूक जिना चढण्याच्या कितीतरी आधी, बहुधा स्त्रीबीजात, शुक्राणूत किंवा पहिल्या काही पेशींतच झालेली असते. घरकाम, नोकरी, नेहमीचा प्रवास, नवरा-बायकोचे संबंध यांनी निरोगी गर्भ पडत नाही. कच्च्या पपईचा चीक टाळावा हे ठीक. पिकलेल्या पपईच्या एका फोडीसाठी कुणी वर्षानुवर्षं स्वतःला दोष देत राहावं, हे मला बघवत नाही.

“लवकरच गेलं, त्यात एवढं काय?” हे तर सर्रास ऐकू येतं. लंडनमध्ये साडेसहाशेहून अधिक बायकांचा अभ्यास झाला, तो 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. गर्भ गेल्यावर महिनाभराने 29 टक्के बायकांमध्ये मोठ्या आघातानंतर दिसतात तशी लक्षणं होती. नऊ महिन्यांनीही 18 टक्के बायकांमध्ये ती टिकून होती. इकडे मोबाइलमधलं गरोदरपणाचं अॅप सांगतच असतं, ‘या आठवड्यात बाळ लिंबाएवढं झालं’. पाचव्या महिन्यात गेलं तर दूधही येऊ शकतं. ब्लाउज ओला होतो, तेव्हाच तिला ते कळतं. आधी कुणी सांगितलेलं नसतं.

एकदा गेलं म्हणजे पुढचंही जाणार, असं नाही. बहुतेकींचं पुढचं बाळंतपण सुखरूप होतं. दोन-तीनदा झालं तर थायरॉइड, रक्तातल्या काही अँटिबॉडीज, गर्भाशयाची रचना तपासतात, आणि गरज पडल्यास नवऱ्याचीही गुणसूत्रं. रजेचंही सांगून ठेवते: कायदा लागू असलेल्या ठिकाणी गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा मिळते, 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यापासून.

“बोललं की जखम उघडी पडते” हा गैरसमज मात्र घरोघरी मुरलाय. तीन महिने कुणाला सांगायचं नाही, ही आपली रीत. त्यामुळे गेलं तरी सांगायला कुणी उरत नाही. रात्री दोनला फोनवरच्या एखाद्या गटात ‘माझंही गेलं’ असं कुणी लिहितं, तेव्हा पहिल्यांदा वाटतं, आपण एकट्या नाही. पण गट म्हणजे डॉक्टर नव्हे. फार रक्तस्राव, ताप, दुर्गंधी असेल तर थेट दवाखाना. रक्तगट निगेटिव्ह असेल तर 72 तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शनचं विचारायचं. झोप उडाली, जगणं नकोसं वाटलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीतूनही.

आमच्या घरी जाऊबाईंचं गेलं तेव्हा ऐंशी पार केलेल्या आजेसासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, “माझं पहिलं आषाढात गेलं. पाऊस लागला होता.” हे त्यांच्या लेकीलाही ठाऊक नव्हतं. जाऊबाई त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या.